दिग्दर्शक बाला यांचा ‘परदेशी’: चहामळ्यातलं कर्ज, ताप आणि दवाखाना, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या चित्रपट मंडळात हा तमिळ सिनेमा दाखवला, त्यानंतर प्रश्न येतच राहिले. काही सिनेमाबद्दलचे, बरेचसे त्यामागच्या खऱ्या मळ्यांबद्दलचे. त्याच त्या प्रश्नांना दर वेळी नव्याने लिहिण्यापेक्षा सगळं एकत्र करून ठेवतो आहे. प्रश्न 3 मध्ये सुरुवातीची गोष्ट आहे, शेवट सांगितलेला नाही. त्यापुढच्या काही उत्तरांत कथानक पुढेपर्यंत उघड होतं आणि शेवट अगदी शेवटच्या प्रश्नात आहे. सिनेमा पाहायचा असेल तर पहिले तीन प्रश्न वाचून थांबा.

1. हा सिनेमा नेमका कोणता? कुणी केला?

‘परदेशी’, तमिळ, मार्च 2013 मध्ये प्रदर्शित झालेला. दिग्दर्शक बाला. मराठी प्रेक्षकाला त्यांची ओळख पटकन पटवायची तर सलमान खानचा ‘तेरे नाम’ आठवा. तो ज्या तमिळ ‘सेतू’वरून केला, तो बालांचा पहिला सिनेमा. पुढे ‘नान कडवुळ’साठी त्यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘परदेशी’त मुख्य भूमिकेत अथर्वा आहे, सोबत वेदिका आणि धन्सिका. छायाचित्रण चेळियन यांचं, संगीत जी. व्ही. प्रकाशकुमार यांचं. वेशभूषेसाठी पूर्णिमा रामस्वामी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. पूर्वार्धातली मातकट लुगडी उत्तरार्धात मळ्यावर पोचल्यावर कशी विरत जातात, ते मुद्दाम बघा. पगार मिळाला नाही हे संवादाच्या आधी कापड सांगतं.

2. नाव ‘परदेशी’ का? यात परदेशात जाणं कुठे आहे?

तमिळमध्ये या शब्दाचा अर्थ घरदार नसलेला, भटका, कंगाल असा होतो. शिवीसारखाही वापरतात. आपल्या जुन्या मराठीतही ‘परदेशी’ म्हणजे पोरका, निराधार असा अर्थ होता. आज आपण तो विसरलो आहोत. तो मनात ठेवून सिनेमा पाहिला की नाव अगदी घरचं वाटतं.

ख्वाजा अहमद अब्बास यांचा 1957 चा ‘परदेसी’ हा वेगळा सिनेमा. तो चौलला उतरलेल्या रशियन व्यापारी निकितीनवर आहे. दोन्हींची गल्लत बरेच जण करतात.

3. शेवट न सांगता गोष्ट काय आहे?

काळ स्वातंत्र्यापूर्वीचा, 1930 च्या दशकाचा शेवट. तमिळ मुलखातल्या एका कोरड्या गावात रासा नावाचा तरुण दवंडी पिटून आणि मिळेल ते मागून पोट भरतो. आजीने वाढवलेला, भाबडा, गावाच्या चेष्टेचा विषय. अंगम्मा या मुलीवर त्याचा जीव जडतो. गावात काम नाही. अशात एक गोडबोल्या माणूस येतो, डोंगरातल्या मळ्यावर कायमचं काम आहे म्हणतो, हातावर आगाऊ पैसे ठेवतो. गावचं गाव त्याच्यामागे चालत निघतं. कित्येक दिवसांच्या पायपिटीनंतर मळा येतो आणि सिनेमाचा रंगच बदलतो.

वाटेवरचा एक प्रसंग इथेच सांगतो, कारण औषधपाण्याची सगळी गोष्ट त्यात आहे. एक माणूस चालता चालता कोसळतो. त्याच्यात जीव आहे, पण मुकादम त्याला तिथेच टाकून बाकीच्यांना पुढे हाकतो. घोळका पुढे सरकतो आणि मागे जमिनीवरून वर उचललेला एक हात दिसत राहतो. मळा अजून आलेलाही नाही, आणि आजारी माणसाची किंमत ठरून गेली आहे.

4. ही खरी घटना आहे का?

पात्रं कल्पित, जग खरं. सिनेमाचा आधार ‘रेड टी’ ही 1969 ची इंग्रजी कादंबरी. लेखक डॉ. पी. एच. डॅनियल. ते स्वतः मळ्यावरचे डॉक्टर होते. कोइंबतूर जिल्ह्यातल्या अनैमलै डोंगरात, वालपाराईच्या भागात, 1941 ते 1965 अशी जवळपास पंचवीस वर्षं त्यांनी काम केलं आणि मळ्यांवरच्या लोकांची संघटनाही उभारली. कामगारांनी सांगितलेल्या जुन्या आठवणींतून ही कादंबरी उभी राहिली. तिचा तमिळ अनुवाद इरा. मुरुगवेळ यांनी ‘एरियुम पनिक्काडु’ या नावाने केला. पनिक्काडु म्हणजे धुक्याचं रान, तेही जळणारं.

कादंबरीत 1920 च्या दशकातलं तिरुनेलवेलीकडचं करुप्पन आणि वळ्ळी हे जोडपं आहे. रासा आणि अंगम्मा ही बालांनी नव्याने रचलेली माणसं.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे की, ही गोष्ट आधी एका डॉक्टरने लिहिली आहे. नाडी धरताना त्याला हिशेबाची वहीसुद्धा दिसली. सिनेमा बघताना ताप एकीकडे आणि कर्ज दुसरीकडे अशी वाटणी करून पाहाल तर अर्धा सिनेमा हातातून जाईल.

5. कंकाणी म्हणजे कोण? आपला मुकादमच ना?

जवळजवळ तोच. कंकाणी कामगार गोळा करतो, आगाऊ रक्कम देतो, मळ्यावर त्यांच्याकडून काम करून घेतो आणि त्यांच्या कमाईवर स्वतःचं कमिशन मिळवतो. बहुधा तो कामगारांच्याच मुलखातला, त्यांच्याच बोलीतला असतो. म्हणून लोक विश्वास टाकतात.

मराठवाड्यातल्या वाचकांना ‘उचल’ समजावून सांगायची गरज नाही. बीडहून साखर कारखान्याच्या फडावर निघालेल्या कोयत्याने, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायको जोडीने, सप्टेंबर-ऑक्टोबरात घेतलेली उचल हंगामभर फेडायची, फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढवायची. ‘परदेशी’तला आगाऊ पैसा अगदी असाच चालतो. फरक एवढाच की ऊसतोडीला हंगाम संपला की गाडी गावाकडे वळते. दक्षिणेतल्या चहाला हंगाम संपतच नाही. कोंब बाराही महिने येत राहतो, त्यामुळे घरी जायची तारीख निसर्ग ठरवत नाही, वही ठरवते.

धन्सिकाने केलेली मरगदम आठवा. तिचा नवरा मळ्यावरून पळून गेला, पण कर्ज पळालं नाही. ते तिच्या नावावर आलं.

6. लोक मुळात गेलेच का? नाही म्हणता आलं नसतं का?

दुष्काळ, सावकार, जात. जाणाऱ्यांत दलित आणि भूमिहीन जास्त होते. ज्या गावात अंगावर बरं कापड घालायची चोरी, तिथून रोजच्या मजुरीचं आश्वासन घेऊन बाहेर पडणं ही सुटकाच वाटायची. सिनेमाचा पूर्वार्ध हसरा ठेवला आहे म्हणून हे चटकन ध्यानात येत नाही, पण रासाला गाव कसं वागवतं ते पुन्हा एकदा बघा.

7. उत्तरार्धात माणसं पटापट मरतात तो रोग कोणता?

सिनेमा रोगाला नाव देत नाही, साथ एवढंच दिसतं. खऱ्या मळ्यांचं विचाराल तर एक रोग नव्हता, तीन-चार एकमेकांत गुंतलेले होते.

पहिला हिवताप. दक्षिणेतल्या डोंगरांत तो पसरवणारा डास म्हणजे अॅनॉफिलिस फ्लुविआटिलिस. तो साचलेल्या घाण डबक्यात वाढत नाही. डोंगरातल्या स्वच्छ, संथ वाहत्या ओढ्याच्या कडेला वाढतो. चहासाठी जंगल तोडलं की ओढे उघडे पडतात, उन्हं पाण्यापर्यंत पोचतात आणि डासाला हवी तशी जागा तयार होते. म्हणजे मळा आणि हिवताप एकाच कुऱ्हाडीने आले. त्यात भरती झालेली माणसं कोरड्या सपाट मुलखातली, या तापाची अंगाला सवय नसलेली. पहिल्याच पावसाळ्यात ती आडवी व्हायची.

दुसरा अंकुशकृमी. संडास नाहीत, जमीन कायम ओली, पाय अनवाणी. अळी तळपायाच्या कातडीतून शिरते, आतड्याला चिकटते आणि रक्त पिते. माणूस लगेच मरत नाही, पांढराफटक पडत जातो, धाप लागते. मग मुकादम त्याला कामचोर म्हणतो. बाईच्या बाबतीत हा रक्तक्षय बाळंतपणात जीव घ्यायचा.

मग पाण्यातून येणारे पटकी आणि हगवण. एका खोलीला खोली लागलेल्या चाळीत, एकाच ओढ्यावर पिणं-धुणं चालत असेल तर साथ किती वेगाने पसरेल याचा अंदाज तुम्हीच करा.

हिवतापावर कोयनेल तेव्हा उपलब्ध होतं. ज्या अनैमलैच्या डोंगरात माणसं तापाने मरत होती, त्याच डोंगरात ज्या झाडाच्या सालीपासून कोयनेल काढतात त्या सिंकोनाची सरकारी लागवड होती. वालपाराईजवळ ‘सिंकोना’ नावाचं गाव आजही आहे. त्या फाट्यावर उभं राहून मी ती पाटी बराच वेळ वाचत होतो.

8. मळ्यावर दवाखाना नव्हता का? सिनेमात तर कुणीतरी औषध देताना दिसतो.

तो कंपाउंडर. शिक्षण नाही, हाताशी एकदोन बाटल्या, आणि सगळ्या दुखण्यांवर तेच पाणी. बहुतेक मळ्यांवर ‘डिस्पेन्सरी’ या नावाखाली एवढंच असायचं. पात्रताधारक डॉक्टर एक आणि त्याच्याकडे अनेक मळे, तेही मैलोन्मैल दूर. डोंगर उतरून खाली न्यायचं तर वाहन साहेबाचं.

पण सिनेमातलं खरं दृश्य औषधाचं नाही, वर्षअखेरच्या हिशेबाचं आहे. कामगार रांगेत उभे आहेत, आज पैसे मिळणार म्हणून चेहरे खुललेले. एकेकाचं नाव पुकारलं जातं आणि वजावट वाचली जाते. आगाऊ रक्कम, दुकानातलं धान्य, आणि त्यात कंपाउंडरच्या उपचाराचे पैसे, अंगारे-धुपारे करणाऱ्या मांत्रिकाचेही पैसे. ज्या औषधाने गुण आला नाही तेही कर्जात. शेवटी हातावर काहीच पडत नाही, उलट आणखी वर्षं डोक्यावर चढतात.

आमच्याकडे एका खेळाला निवृत्त परिचारिका आल्या होत्या. हा प्रसंग संपला तेव्हा त्या पुढच्या रांगेतून मागे वळून हलकेच म्हणाल्या, “आजारी पडायलासुद्धा उचल घ्यावी लागली हो यांना.” मला याहून नेमकं सांगता येणार नाही.

9. मग नवा डॉक्टर येतो तो धर्मप्रचार करत नाचतो. खरंच असं होतं का?

या प्रश्नावर सर्वांत जास्त पत्रं आली, आणि इथे मी दिग्दर्शकाच्या बाजूने नाही.

कादंबरीतला डॉ. अब्राहम हा मळेवाल्यांशी भांडणारा, बरा दवाखाना आणि औषधं मागणारा माणूस. त्याच्यात लेखकाच्या स्वतःच्या अनुभवाचा अंश दिसतो. सिनेमात त्याच्या जागी परिशुद्धम नावाचा डॉक्टर येतो. तो गोऱ्या बायकोसोबत साथीच्या मधोमध गाणं म्हणत भाकरी आणि बाप्तिस्मा एकदमच वाटतो. प्रदर्शनानंतर यावर तमिळनाडूत कडक टीका झाली. दुबळ्या क्षणी धर्म पुढे करणारे लोक इतिहासात होते, हे खरंच आहे. पण ज्या डॉक्टरने ही गोष्ट जगासमोर आणली त्याच्याच प्रतिमेचं असं व्यंगचित्र व्हावं, हे मला आजही बोचतं. सिनेमा इतर सगळीकडे हात राखून बोलतो, फक्त इथे ओरडतो.

म्हणून सांगतो, सिनेमा आवडला असेल तर कादंबरी जरूर वाचा. डॉक्टर तिथे आहे.

10. आगाऊ रक्कम घेऊन पळाल्यास तुरुंग असा कायदा 1926 मध्ये रद्द झाला म्हणतात. मग सिनेमात पळून जाणाऱ्याचा पाय कसा कापतात?

प्रश्न बारकाईने विचारला आहे. 1859 च्या कायद्याने आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करून तुरुंगात धाडता यायचं. तो 1926 मध्ये गेला. सिनेमाचा काळ त्यानंतरचा आहे.

कायदा गेला तरी आगाऊ रक्कम राहिली, आणि कंकाणीही 1950 च्या दशकापर्यंत राहिले. मळा खाजगी जमीन, वाट एकच, वाटेवर पहारा, भोवती जंगल. पोलिसात जायचं तर कुणाकडून? टाचेची शीर कापण्याचं दृश्य हे बालांचं निवडलेलं दृश्य आहे, ते प्रत्येक मळ्याचा नियम म्हणून वाचू नका. पण माणसाला जागेवर बांधून ठेवणारी साखळी खरी होती, आणि तिच्या कड्या कायद्याच्या पुस्तकाबाहेर होत्या.

11. आसामातही असंच होतं का?

तिथे कंकाणीऐवजी ‘आरकाटी’, आणि माणसं छोटा नागपूर, संथाळ परगणा, ओडिशाकडची. मे 1921 मध्ये चारगोला खोऱ्यातल्या हजारो कामगारांनी ‘मुलुक चलो’ म्हणत मळे सोडले आणि घरची वाट धरली. चांदपूरच्या स्टेशनवर त्यांना अडवलं, रात्री गुरखा शिपायांनी झोडपलं, आणि अडकून पडलेल्या त्या गर्दीत पटकी पसरली. घरी निघालेल्यांचा जीव रोगाने वाटेत घेतला.

आसामच्या मळ्यावर हिंदी सिनेमा हवा असेल तर अब्बास यांचा 1952 चा ‘राही’ शोधा. देव आनंद, नलिनी जयवंत, बलराज साहनी. तो मुल्कराज आनंद यांच्या 1937 च्या कादंबरीवर बेतला आहे. त्यातही एक डॉक्टर आहे आणि त्याचं म्हणणं साधं आहे, प्यायला स्वच्छ पाणी द्या म्हणजे पटकी थांबेल. मालकांना ते बंडखोरीचं वाटतं.

12. हे थांबवणारा कायदा कधी आला? त्यात आपल्याकडच्या कुणाचा हात होता का?

होता, आणि याची आठवण आपण ठेवत नाही. 1929 मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाचे एक सदस्य आपले नारायण मल्हार जोशी होते. मुंबईच्या गिरणगावात नाव असलेला हा कामगार पुढारी. त्या आयोगाने मळ्यांचीही पाहणी केली आणि 1931 मध्ये अहवाल दिला. पुढे डी. व्ही. रेगे या सनदी अधिकाऱ्याने मळेकामगारांच्या स्थितीची स्वतंत्र चौकशी केली, तो अहवाल 1946 चा. पाठोपाठ मेजर लॉइड जोन्स यांनी मळ्यांवरच्या वैद्यकीय सोयी तपासल्या.

यातून 1951 चा मळा कामगार कायदा आला. पिण्याचं पाणी, संडास, घर, दवाखाना, पाळणाघर, आजारपणाचा आणि बाळंतपणाचा भत्ता हे सगळं मालकाचं कर्तव्य ठरलं. ‘परदेशी’त जे वजावटीत जातं, ते या कायद्याने मालकाच्या खर्चात टाकलं. 2020 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत हा कायदा सामावून घेतला आहे.

13. म्हणजे आता सगळं ठीक आहे?

नाही. हिवतापाचे ते दिवस गेले, आगाऊ रकमेसाठी कुणाची टाच कापत नाहीत. पण घर, दवाखाना आणि नोकरी अजून एकाच हातात आहे. नोकरी गेली की घर जातं आणि दवाखानाही जातो. उत्तर बंगालमध्ये मळे बंद पडले तेव्हा हे उघड दिसलं.

मुन्नारच्या बायकांनी सप्टेंबर 2015 मध्ये संघटनांच्या पुढाऱ्यांनाही बाजूला सारून रस्ता अडवला, ‘पोंबिळै ओरुमै’ म्हणजे बायकांची एकजूट या नावाने. तेव्हा त्यांची मजुरी दिवसाला 232 रुपये होती आणि मागणी 500 ची. तिथूनच जवळच्या पेट्टिमुडीला 6 ऑगस्ट 2020 च्या रात्री दरड कोसळली आणि कामगारांच्या चाळी, ज्यांना तिकडे ‘लयम’ म्हणतात, गाडल्या गेल्या. सत्तर माणसं गेली. आसामच्या मळ्यांवर बायकांमधला रक्तक्षय आणि मीठ घातलेल्या चहाशी जोडलेला रक्तदाब यांवर डॉक्टर कित्येक वर्षं लिहीत आहेत.

आलियारहून वालपाराईला चढताना चाळीस वळणं लागतात. वर एका वळणावर चहा खुडणाऱ्या एका अक्कांशी बोललो. बोटांच्या पेरांवर चहाचा काळा डाग, घासूनही न जाणारा, आणि घोट्याला जळवांसाठी चोळलेलं मीठ. “डॉक्टर आहे का?” विचारलं. “आहे की,” म्हणाल्या, “पण रजा टाकून जावं लागतं, आणि रजेचा दिवस गेला की हजेरी गेली.”

14. ऊसतोडीशी तुलना ओढूनताणून नाही का?

प्रश्न 5 मध्ये उचल आली आहे, इथे फक्त आरोग्याचं सांगतो. बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जातात, यावर 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने समिती नेमली. पाळीच्या दिवसांत काम चुकलं की दंड, शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उसने पैसे, आणि ते फेडायला पुन्हा फड. जागा वेगळी, पीक वेगळं. शरीर आणि वही यांचा संबंध तोच. म्हणून ही तुलना मी मागे घेणार नाही.

15. शाळकरी मुलांना दाखवावा का?

दहावीच्या पुढे, आणि शेजारी बसून. मारहाण आहे, साहेबाने बाईवर घातलेली वाईट नजर आहे, मृत्यू खूप आहेत. लहानांना सिनेमा दाखवण्याऐवजी प्रश्न 7 मधला ओढा आणि डास समजावून सांगा, त्यांना ते पटकन कळतं. मूळ तमिळ आवाज ठेवून उपशीर्षकांसह पाहा. आजीच्या तोंडची बोली डबिंगमध्ये हरवते.

16. चहा सोडायचा का मग?

हा प्रश्न दर खेळानंतर कुणी ना कुणी विचारतोच, आणि मनापासून विचारतो. सोडून मळ्यावरच्या बाईच्या हातात काही पडणार नाही, बागा बंद पडतात तेव्हा उपाशी तीच राहते. मजुरीच्या आणि दवाखान्याच्या मागणीसाठी त्या रस्त्यावर येतात तेव्हा ती बातमी पूर्ण वाचा, दुसऱ्याला सांगा, आपल्या संघटनेत ठराव करा. तो त्यांना पोचतो.

17. शेवटाचा अर्थ नीट कळला नाही. (इथे शेवट उघड केला आहे.)

पळण्याचा प्रयत्न फसून रासाचा पाय कायमचा अधू झालेला आहे. साथीत मरगदम गेली, तिची मुलगी आता त्याच्याजवळ आहे. गावाकडे अंगम्मा आणि त्याचं मूल आपली वाट पाहत असतील, एवढ्या आशेवर तो उरलेली वर्षं मोजतो आहे. एक दिवस नव्या मजुरांचा तांडा डोंगर चढून येतो. त्यात अंगम्मा आहे, कडेवर त्याचा मुलगा. ती त्याला शोधत, कंकाणीच्या भरतीत स्वतःहून आली आहे. तिचा चेहरा उजळतो.

तो मात्र टाहो फोडतो. या नरकाच्या खड्ड्यात तू कशाला आलीस, असं विचारतो. काही जणांना वाटतं की भेट झाली, म्हणजे शेवट गोड आहे. पण ती आली म्हणजे तिनेही आगाऊ पैसे घेतले. कडेवरच्या पोराला पहिला ताप येईल त्या दिवशी त्याच्याही नावाची ओळ वहीत पडेल, आणि रासाला हे ठाऊक आहे. कॅमेरा मागे मागे जातो, ती तिघं-चौघं लहान होत जातात आणि मळा तेवढा हिरवागार दिसत राहतो.